शब्दकोडं, बुद्धिबळ, पेटी की भजन? घरातल्या ज्येष्ठांसाठी निवड करताना

आमच्या घरात सत्तरीपुढची दोन माणसं आहेत. माझे बाबा आणि माझ्या सासूबाई. आई गेल्यावर बाबांना कोराडीजवळचं घर सोडायला लावलं आणि नागपुरात, प्रतापनगरात आमच्या खालच्या मजल्यावर आणलं. व्याही आणि विहीण एका छताखाली आले. पहिले सहा महिने दोघं एकमेकांशी लग्नमंडपात भेटल्यासारखे बोलायचे. "बसा ना." "नाही नाही, तुम्ही बसा."

त्याच सहा महिन्यांत बाबा दिवसदिवस टीव्हीसमोर बसायला लागले. आवाज मोठा, बोलणं कमी. ज्या माणसाने सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात काढली, तो विजेचं बिल भरायला विसरला. मी घाबरले आणि घाबरलेली मुलगी जे करते ते केलं: दिसेल ते आणत गेले. सुडोकूचं पुस्तक, मोबाईलवरचे खेळ, ज्येष्ठ नागरिक मंडळाची वर्गणी, बुद्धिबळाचा पट, शेवटी पेटीची शिकवणी. काही जमलं, काही फसलं. सासूबाईंवरही प्रयोग झाले, पण त्या मुळातच उत्साही, त्यामुळे त्यांना कोणी पेशंट समजलं नाही. तुमच्या घरातही हाच प्रश्न असेल, तर आमची दोन वर्षं आणि त्या निमित्ताने केलेलं वाचन कामी येईल.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. "डोक्याला चालना" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन मागण्या असतात. डोकं चालतं राहावं ही एक, आणि माणूस आनंदात असावा ही दुसरी. एकच गोष्ट दोन्ही करेल असं क्वचितच होतं. सवयीची, आवडती गोष्ट मन ताजं ठेवते, पण डोक्याला फारसं कामाला लावत नाही. नवी, अवघड गोष्ट डोक्याला कामाला लावते आणि सुरुवातीचे दोन महिने मनाला वैताग आणते. म्हणून मी आता प्रत्येक माणसासाठी दोन गोष्टी शोधते, एक डोक्यासाठी आणि एक मनासाठी. आणि नागपूर असल्यामुळे तिसरा प्रश्न: मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेला असताना, हे चालू राहील का?

आधी कान

बाबांना मंडळात तीन आठवडे पाठवलं. चौथ्या आठवड्यात जायला नाही म्हणाले. "ते काय बोलून राहिले ते मले समजतच नाही. मी नुसता मान हलवत बसतो." मला तो बहाणा वाटला होता. तपासल्यावर दोन्ही कानांचं ऐकणं बरंच उतरलेलं निघालं. टीव्हीचा आवाज का मोठा होता, ते तेव्हा लक्षात आलं. तोपर्यंत आम्ही त्यांच्याशी भांडत होतो.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली आणि ती सगळी आटोक्यात आणली तर साधारण ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा हिशेब दिला. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी जीवनशैली, नैराश्य, एकटेपणा आहेत, तसंच कानाने कमी ऐकू येणंही आहे आणि २०२४ मध्ये नव्याने धरलेली दृष्टी कमी होण्याची बाबही. २०२३ मध्ये अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर श्रवणयंत्राची चाचणी झाली. सगळ्यांचा मिळून तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळात जास्त होता, त्यांच्यात विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे मशीन लावलं की झालं असं नाही. पण ऐकूच येत नसेल तर पुढच्या कुठल्याही मंडळाची वर्गणी वाया जाते.

त्याच फेरीत रक्त तपासून घ्या. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. आमच्यासारख्या शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं नवल नाही, बाबांचंही निघालं. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाचं डोकं धुकट होतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर उलटी करा. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, पैशांचे व्यवहार अचानक न जमणं, असं काही दिसत असेल तर ही तुलना वाचत बसू नका, आधी दवाखाना.

शब्दकोडं की मोबाईलवरचा 'ब्रेन गेम'

इथे फार वेळ घालवत नाही.

बाबा चाळीस वर्षं पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. आडवे-उभे शब्द, पेन्सिल कानावर. मला वाटायचं, आहे की व्यायाम! पण त्यांना आता कोडं रचणाऱ्याच्या खोडी पाठ झाल्या आहेत. "कमळ" म्हटलं की चार अक्षरी कुठला, तीन अक्षरी कुठला, हे त्यांचा हातच लिहितो. हे त्यांच्यासाठी सकाळचा चहा आहे. चहा बंद करायचा नाही, पण त्याला औषध म्हणायचं नाही. उलट ज्याने कधी कोडं सोडवलं नाही, त्याच्यासाठी तेच कोडं पहिले काही महिने खरी कसरत आहे.

मोबाईलच्या खेळांबद्दल एक जुनी बातमी लक्षात ठेवण्यासारखी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१६ मध्ये लुमोसिटी या ॲपच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली आणि कंपनीने २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. त्यांच्या खेळांनी वयाबरोबर येणारा विसराळूपणा थांबतो, या दाव्याला पुरेसा आधार नव्हता. म्हणजे संगणकावरचा सराव सगळाच फोल का? तसंही नाही. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲक्टिव्ह' अभ्यासात काहींना स्मरणशक्तीचा, काहींना तर्काचा आणि काहींना झटपट पाहून ओळखण्याच्या गतीचा सराव साधारण दहा सत्रं दिला. ज्याने ज्याचा सराव केला, त्यात तो सुधारला. दहा वर्षांनी तर्क आणि गती यांचा फायदा टिकलेला दिसला, स्मरणशक्तीचा नाही. सुडोकूत पटाईत झालेला माणूस चष्मा कुठे ठेवला ते विसरतोच, त्याचं कारण यात आहे.

निवड करायचीच तर मी कागदावरचं कोडं घेईन. फोनवरच्या खेळात मध्येच जाहिरात येते, बाबा तिच्यावर बोट ठेवतात, आणि मग संध्याकाळी मी नको ती ॲप काढत बसते.

बुद्धिबळ की पत्ते

इथे मात्र थांबायला हवं, कारण बैठ्या खेळांबद्दलचा पुरावा जुना आणि बरा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष छापले गेले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया कमी आढळला. शारीरिक गोष्टींपैकी नाच ही एकच या यादीत आली. पण हे वाचताना एक शंका घ्यायलाच हवी. ज्याचं डोकं आतून मंदावायला लागलेलं असतं, तो खेळ स्वतःहून सोडतो. तेव्हा खेळामुळे डोकं टिकलं की डोकं टिकलं म्हणून खेळ टिकला, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. त्या संशोधकांनीही ही शंका विचारात घेतली होती.

आमच्या घरी बुद्धिबळ आलं ते नातीमुळे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा नागपुरातल्या घराघरात पट खाली उतरले. माझ्या मुलीने आजीला गाठलं, कारण आई-बाबांना वेळ नसतो आणि आजोबांना ती घाबरते. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. घोडा अडीच घर कसा जातो, हे त्यांना आठवडाभर पटलं नाही. "असा वाकडा घोडा कोणी पाहिला आहे का?" कॅसलिंगचं (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नाव काढलं की म्हणायच्या, ही तर राजाची पळवाट. पण तिसऱ्या महिन्यात त्या दोन चाली पुढचं बघायला लागल्या, आणि नात हरली त्या दिवशी घरात पुरण शिजलं.

पत्त्यांचं गणित निराळं. रमी, बदाम सात, तीन-दोन-पाच हे खेळ सोबतीशिवाय होत नाहीत, आणि तोच त्यांचा मोठा गुण. बुद्धिबळात माणसं गप्प बसतात, पत्त्यांत भांडतात. एकट्या पडलेल्या माणसाला भांडण जास्त उपयोगी. ब्रिज खेळणारं कोणी ओळखीचं असेल तर प्रश्नच मिटला, त्यात दोन्ही मिळतं. पण वयाच्या पंच्याहत्तरीत ब्रिज शून्यातून शिकवणारा माणूस शोधणं अवघड. कॅरमला मी वेगळ्या कारणासाठी मार्क देते: हाताचा नेम आणि नजर दोन्ही लागतात आणि पाचव्या मिनिटाला नवखाही खेळायला लागतो. हात थरथरत असेल तर मात्र कॅरम नको, सोंगटी चुकली की माणूस ओशाळतो.

तर: डोक्यासाठी बुद्धिबळ, घरात शिकवणारं नातवंड असेल तर नक्कीच. मनासाठी पत्ते. आणि दोन्ही खेळ मे महिन्यात कूलरसमोर बसून होतात, हा नागपूरकरांसाठी छोटा मुद्दा नाही.

भजनी मंडळ की पेटी शिकणं

सगळ्यात जास्त चुका मी इथे केल्या.

सासूबाई तीस वर्षं भजनी मंडळात आहेत. गुरुवारी दुपारी टाळ, खंजिरी, पिशवीत भजनाची वही, कोणाकडे तरी चहा-पोहे. बाबांना मी म्हटलं, तुम्हीही जा एखाद्या मंडळात. काटोलकडचा माणूस, लहानपणी गावात खंजिरीवरची भजनं ऐकत वाढलेला. गेले, दोनदा बसले, आणि म्हणाले, "तिथं सगळ्यांले येते. मले येत नाही. मी काय करू?" माझा हिशेब असा होता की भजन सासूबाईंना मानवतं म्हणजे बाबांनाही मानवेल. वयाने दोघं जवळपास, म्हणून माणसंही सारखी, असं धरून चालण्याचा आपल्याला रोगच आहे.

बरं, सासूबाईंच्या डोक्याला तरी भजनाचा व्यायाम होतो का? त्यांना शेकडो भजनं पाठ आहेत. ओठ आपोआप हलतात. पण त्या मंडळात आजारी कोण, कोणाची नात नापास झाली, पुढच्या गुरुवारी कोणाचं घर, हे सगळं त्यांच्याकडे असतं. एक गुरुवार चुकला तर संध्याकाळी चार फोन येतात. एकटेपणावर याच्याइतका स्वस्त आणि पक्का इलाज मला माहीत नाही. मनासाठी पूर्ण मार्क. डोक्यासाठी अर्धे, नवं भजन, नवी चाल बसवायला घेतली तर जास्त.

शिकण्याचा भाग नवेपणात असतो, हे टेक्सासमधल्या एका प्रयोगाने छान दाखवलं. ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सरासरी १५ तासांच्या आसपास, गोधडीसारखं शिवणकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी नव्याने शिकवली. त्यांच्याबरोबर दुसरे गट होते, त्यात लोक गप्पा, सहली, घरी बसून सोप्या गोष्टी असं करत होते. २०१४ मध्ये निकाल आला: नवं अवघड काम शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफी शिकणाऱ्यांची, घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची ताकद सुधारली. हे वाचून मी सासूबाईंना उत्साहाने म्हटलं, आई, तुम्ही गोधडी शिवता ना, बघा. त्या हसल्या. त्यांनी आयुष्यात किती गोधड्या शिवल्या त्याचा हिशेब नाही. अमेरिकेतल्या बाईंना जे अवघड होतं ते यांना डोळे मिटून येतं. त्यांना मग फोनचा कॅमेरा दिला. उजेड कुठून येतो, माणूस मध्ये न ठेवता बाजूला का ठेवायचा, हे नातीकडून शिकताना त्यांची झाली ती दमछाक बघण्यासारखी होती.

बाबांकडे परत येते. भजनात कमी लेखल्यासारखं वाटलं तो माणूस पेटी शिकायला मात्र तयार झाला. का, तर तिथे सगळेच नवशिके होते. शेजारच्या गल्लीत एक सर लहान मुलांना शिकवतात, त्यांच्यात हे ७६ वर्षांचे. सा-रे-ग-म, भाता एका हाताने, पट्ट्या दुसऱ्या हाताने, डोळे वहीवर, कान स्वतःच्या सुरावर. एका वेळी इतकं काम दुसरं कुठलंच कोडं करवून घेत नाही. पहिले दोन महिने ते रोज म्हणायचे, सोडतो. कानातलं मशीन लावल्यावर पेटीचा सूर सुरुवातीला कर्कश वाटायचा, ते मशीन तपासणाऱ्याकडे जाऊन संगीतासाठीची वेगळी सेटिंग घेतल्यावर सुटलं. हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

तर पेटी की भजन? कधी गायलेलं-वाजवलेलं नसेल आणि तब्येत साथ देत असेल तर शिकवणी. नुकताच जोडीदार गेला असेल, घर खायला उठत असेल, तर आधी भजनी मंडळ. दुःखात बुडालेल्या माणसाला "नवं काही शिका" म्हणणं क्रूर आहे. मी केलं ते, आई जाऊन चार महिने झाले असताना. बाबा काही बोलले नाहीत, पण सुडोकूचं पुस्तक टीपॉयवर तसंच पडून राहिलं.

फिरणं की योग

यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तरी आकडा सांगते. १२० ज्येष्ठांपैकी अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायला लावलं, उरलेल्यांना ताण देण्याचे हलके व्यायाम. चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात तो वयाप्रमाणे थोडा घटला. हे संशोधन २०११ चं.

नागपुरात फिरायला जागांची वाण नाही. अंबाझरी, तेलंगखेडी, महाराजबाग, धरमपेठेतला ट्रॅफिक पार्क, दक्षिणेकडे सक्करदरा. फुटाळ्याला सूर्योदय छान, पण तिथल्या वाहनांचा मला धाक वाटतो. अडचण उन्हाची. एप्रिलपासून सकाळी साडेसातनंतर म्हाताऱ्या माणसाने बाहेर राहू नये. घामाने पाणी आणि सोडियम कमी झालं की थेट गोंधळ उडतो, आणि घरचे समजतात की विस्मरण वाढलं. म्हणून उन्हाळ्यात बाबा साडेपाचला निघतात किंवा घरातच व्हरांड्यात फेऱ्या मारतात.

योगाची बाजू इथे जड होते, कारण तो पंख्याखाली होतो. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचं नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या परंपरेत शिकलेले शिक्षक शहरभर भेटतात. तोल सांभाळण्याची आसनं पडण्याचा धोका कमी करायला मदत करतात आणि पडून डोक्याला मार लागणं हेही 'लॅन्सेट'च्या त्या १४ कारणांपैकी एक आहे. पण धाप लागेल अशी हालचाल योगात कमी. माझा निर्णय: ऑक्टोबर ते मार्च फिरणं मुख्य, एप्रिल ते जून योग मुख्य, पावसाळ्यात जसं जमेल तसं. हास्यक्लब? मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केल्यापासून बागाबागांत आहेत. बाबांना ते बावळट वाटतं. सासूबाई जातात आणि खोटं हसता हसता खरं हसून येतात.

फिरण्याला डोक्याचं काम जोडायची एक युक्ती: रोज वेगळा रस्ता, आणि घरी येऊन रस्त्यात काय दिसलं ते सांगायचं. बाबा सांगतात ते बहुधा खड्डेच असतात.

वाचनालय की घरबसल्या व्हिडिओ

व्हिडिओ बघणं म्हणजे टीव्हीच, फक्त हातातला. वाचन वेगळं, आणि वाचायला बाहेर जाणं त्याहून वेगळं. सीताबर्डीला झाशी राणी चौकातला विदर्भ साहित्य संघ १९२३ साली स्थापन झाला. तिथली व्याख्यानं आणि कार्यक्रम ज्येष्ठांना जवळचे वाटतात. आमच्याकडून सुभाषनगरला मेट्रोत बसायचं आणि झाशी राणी चौकात उतरायचं. स्टेशनला लिफ्ट आहे, गाडी गार आहे. मे महिन्यातही संध्याकाळी जाता येतं. खरं सांगायचं तर बाबांसाठी व्याख्यानापेक्षा मेट्रोचा प्रवासच मोठी कसरत ठरला. कार्डावर पैसे टाकणं, कुठला फलाट, परत येताना कुठली दिशा. पहिल्यांदा परत येताना चुकून उलट दिशेच्या, प्रजापतीनगरच्या गाडीत बसले. फोन केला नाही, स्वतः उतरून परत आले, आणि रात्री जेवताना ते असं सांगितलं जसं काही वैनगंगा पोहून आले.

स्वतःच्या आठवणी लिहिणं मी याच खात्यात धरते. बाबांनी कोराडीतल्या पाळ्यांबद्दल, बॉयलर सुरू करण्याच्या रात्रींबद्दल बारा पानं लिहिली. पुढे लिहीत नाहीत. जाऊ द्या.

नवी भाषा आणि नवा फोन

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी यांच्या चमूने डिमेन्शिया झालेल्या ६४८ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा आला होता, आणि निरक्षर लोकांमध्येही हा फरक दिसला. इतरत्र झालेल्या सगळ्याच अभ्यासांचा निष्कर्ष असा आलेला नाही. तरी नागपूरकराला हे वाचून बरं वाटतं. भाजीवाल्याशी हिंदी, घरात मराठी, आणि भांडताना दोन्ही मिसळून. म्हणजे ही कमाई आपल्या खात्यात आधीच जमा आहे. नवी भाषा वर्गात बसून शिकायची तर चिकाटी हवी. आमच्या घरात कोणी तितकं टिकलं नाही.

फोन शिकणं मात्र टिकलं, कारण त्याची रोज गरज पडते. इथे एक सावधगिरी. पोलीस असल्याचं सांगून "डिजिटल अटक" करणारे फोन ज्येष्ठांनाच जास्त येतात. पैशांचं ॲप शिकवण्याआधी हे शिकवा की असा कोणताही कायदेशीर प्रकार नाही, फोन ठेवायचा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवायचं.

विस्मरण आधीच सुरू झालं असेल तर

वरचं सगळं उलटं करा. अवघड, नवं, चढाओढीचं काही नको. चुकण्याची जाणीव शिल्लक असते आणि ती फार बोचते. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी गटात बसून करायची एक पद्धत आहे, आठवड्यातून दोनदा, एकूण १४ सत्रं: जुने फोटो, ओळखीचे आवाज, शब्दांचे सोपे खेळ, पदार्थांच्या गप्पा. तिथल्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक संस्था तिची शिफारस करते. तिचं घरगुती रूप आपल्याकडे सहज होतं. मटकी निवडणं, वाती वळणं, लसूण सोलणं, भुलाबाईची गाणी म्हणणं. आमच्या एका नात्यातल्या आजींना मुलांची नावं आठवत नाहीत, पण गाण्याची पहिली ओळ दिली की पुढची चार कडवी त्या म्हणतात. इथे भजनी मंडळ बुद्धिबळाच्या कितीतरी पुढे आहे. मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. मन फार खचलेलं असेल, घरच्यांचंसुद्धा, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

मग काय घ्यायचं

एकट्या पडलेल्या, नुकत्याच दुःखातून जाणाऱ्या माणसाला आधी माणसं द्या: पत्ते, भजन, हास्यक्लब, मंडळ. तीन-चार महिन्यांनी अवघड काही. ज्याच्याभोवती गोतावळा भरपूर आहे पण रोजचा दिवस कालच्यासारखाच जातो, अशाला थेट अवघड काम: वाद्य, बुद्धिबळ, कॅमेरा. आयुष्यभर डोक्याचं काम केलेल्याला हाताचं, आणि हाताचं केलेल्याला डोक्याचं, हा ढोबळ नियम आमच्याकडे लागू पडला. चालणं सगळ्यांना. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा विचारशक्ती नुसत्या सल्ल्यापेक्षा बरी टिकली. हे निकाल २०१५ मध्ये आले. एकट्या कोड्यावर भिस्त ठेवू नये, असं मला त्यातून वाटतं.

सुरू करताना महिनाभराची मुदत ठरवा आणि ती त्यांनाही सांगा. "एक महिना करून पाहा, नाही आवडलं तर सोडा," असं म्हटल्यावर बाबा तयार झाले. "तुमच्या मेंदूसाठी चांगलं आहे" म्हटल्यावर कधीच झाले नव्हते. आणि पेटी लगेच विकत घेऊ नका. ओळखीत कोणाच्या तरी कपाटावर धूळ खात पडलेली असतेच. आमची तशीच मिळाली, भात्याला भोक होतं, ते बाबांनी स्वतः चामड्याचा तुकडा लावून बुजवलं. त्या दुपारी त्यांना टीव्ही लावायची आठवण झाली नाही.